वाचक विचारतात : ‘बार्शी लाइट’ची गोष्ट पाच टनांची

जुन्या रेल्वेंवरच्या लेखमालेनंतर सर्वाधिक पत्रं आली ती बार्शी लाइट रेल्वेबद्दल. लातूर, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज, म्हणजे गाडी जिथून जिथून जायची तिथून तिथून. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : बार्शी लाइट निजामाची होती, इंग्रज सरकारची होती, की जी.आय.पी.ची शाखा होती? घरात तिन्ही मतं आहेत. (लातूर)

तिन्ही चुकीची. ती एका खाजगी कंपनीची होती आणि कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत नोकरीला आला. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या छोट्या गाड्या काढाव्यात हे त्याच्या डोक्यात होतं आणि त्यासाठी त्यानं १८८७ मध्ये एक कंपनीही नोंदवली. पण परवानगी आणि भांडवल जमेपर्यंत आठ वर्षं गेली. बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली १८९५ मध्ये आणि कुर्डुवाडी ते बार्शी ही सुमारे ३५ किलोमीटरची गाडी सुरू झाली १८९७ मध्ये.

गोंधळ का होतो तेही समजण्यासारखं आहे. जी.आय.पी.चा मुंबई–सोलापूर मार्ग १८५९ मध्ये कुर्डुवाडीला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचला होता. बार्शी लाइटची सगळी मालवाहतूक कुर्डुवाडीत त्याच मार्गाला मिळायची, म्हणून ती शाखा वाटते. बार्शी हा सोलापूर जिल्ह्याचा तालुका, पण त्याला लागूनच निजामाची हद्द. मराठवाड्याचा कापूस आणि गळिताचं धान्य पूर्वीपासून बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत उतरायचं. गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली तेव्हा तिचा मोठा भाग निजामाच्या मुलखात होता, म्हणून ती निजामाची वाटते. रूळ, इंजिनं, डबे आणि गाड्या चालवण्याची जबाबदारी मात्र कंपनीचीच होती. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारनं ती विकत घेतली आणि मध्य रेल्वेत सामील केली.

टप्पे असे : कुर्डुवाडी–बार्शी १८९७, कुर्डुवाडी–पंढरपूर १९०६, बार्शीच्या पुढे तडवळ्यावरून लातूर १९११, पंढरपूर–मिरज १९२७. लातूर ते मिरज एकूण २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर, एकाच मापाचा रूळ.

प्रश्न : रुळांमधलं अंतर अडीच फूटच का? निव्वळ पैसे वाचवायला? (पुणे)

पैसे वाचवायला हे खरं, पण कॅलथ्रॉपचा मुद्दा त्याहून बारीक होता, आणि बार्शी लाइटचं नाव जगभरच्या रेल्वे इंजिनिअरांच्या तोंडी झालं ते त्यामुळेच. तो म्हणत होता की रुळांमधलं अंतर किती, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न म्हणजे एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो. रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके), पूल, भराव या सगळ्यांचा खर्च सर्वांत जड आसावर ठरतो. गाडीतले नव्व्याण्णव आस हलके असले आणि इंजिनाचा एकच जड असला, तरी अख्खा मार्ग त्या एका आसासाठी बांधावा लागतो.

म्हणून त्यानं एकच आकडा धरला : आसामागे पाच टन. इंजिन असो, डबा असो, वाघीण (मालाचा डबा) असो, पाच टनांच्या वर कुणीही जायचं नाही. त्यामुळे यार्डाला, म्हणजे दर तीन फुटांना, ३० पौंड वजनाचा रूळ पुरला. आजच्या मापात तो मीटरला सुमारे १५ किलो. सध्या ब्रॉडगेजवर ५२ आणि ६० किलोचे रूळ असतात, म्हणजे त्याच्या साडेतीन-चारपट.

आता याच आकड्यातून वाघीण कशी निघते ते पाहा. चार चाकांची वाघीण केली तर दोन आस, एकूण वजन दहा टन, आणि त्यातलं बरंच वाघिणीच्या स्वतःच्या वजनातच जाणार. म्हणून त्यानं मालाच्या वाघिणीसुद्धा बोगीच्या, म्हणजे दोन-दोन आसांच्या दोन चाकगाड्यांवर बसवलेल्या, केल्या : चार आस, भरल्या वजनाची मर्यादा वीस टन. सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, म्हणजे हलका आणि ताठ. हे काम लीड्स फोर्ज कंपनीनं केलं. मालाच्या वाघिणी २५ फूट, उतारूंचे डबे ४० फूट. जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून इंजिन आणि डब्यांच्या चाचण्या घेतल्या आणि त्या पाहायला इंजिनिअर मंडळींना बोलावलं. हलक्या रुळावर भरपूर माल नेता येतो हे दाखवणारी ती जाहीर परीक्षाच होती.

अरुंद मापाचा दुसरा फायदा वळणावर. काटकोनात वळताना बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. अडीच फुटी मापात हा फरक सुमारे १.२ मीटर, ब्रॉडगेजमध्ये सुमारे २.६ मीटर. आसाला दोन्ही चाकं घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे हा फरक चाकांना घसटत भरून काढावा लागतो. तो जितका कमी, तितकं वळण तीव्र ठेवता येतं आणि डोंगर फोडण्याऐवजी वळसा घालता येतो.

प्रश्न : तिची पहिली इंजिनं ‘०-८-४ टी’ होती असं वाचलं. याचा अर्थ काय? (बार्शी)

पुढून मागे चाकं मोजायची. पुढे मार्गदर्शक चाकं नाहीत, मधे एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाकं, मागे न जोडलेली चार. ‘टी’ म्हणजे टँक : पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर, मागे वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) नाही. लीड्सच्या किटसन कंपनीनं ती बनवली.

आस सहा, प्रत्येकी पाच टन, म्हणून इंजिन तीस टनांच्या आत. ओढण्याचं काम जोडलेल्या चार आसांचं, म्हणजे पकडीचं वजन वीस टन. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी धरली तर खेच चार टन, म्हणजे ८,९६० पौंड. शंभराला एक अशा चढावर टनामागे साडेबावीस पौंड चढाचे आणि सात-आठ पौंड घर्षणाचे, मिळून तीसेक पौंड लागतात. भागाकार केला की इंजिनासह सुमारे ३०० टन. हा केवळ नमुन्याचा हिशेब आहे, प्रत्यक्ष गाड्यांची वजनं यापेक्षा कमीच धरतात.

रूळ ओला झाला की हा हिशेब कोसळतो. पकड आठव्या हिश्शावर आली तर खेच अडीच टन आणि गाडी १८५ टनांच्या आसपास. बार्शीहून येडशीकडे रामलिंगच्या घाटातून बालाघाट चढताना पावसाच्या पहिल्या भुरभुरीत चाकं जागच्या जागी गरगरतात ती यामुळे. मुसळधार पाऊस एक वेळ परवडतो, तो रूळ धुऊन काढतो. पण भुरभुर धूळ आणि वंगणाचा चिखल करते. उपाय वाळूचा. इंजिनावरच्या पेटीतून नळीनं चाकाच्या पुढ्यात वाळू सोडायची. ती बारीक, चाळलेली आणि पूर्ण वाळवलेली हवी. दमट वाळू नळीच्या तोंडाशी गोळा होऊन बसते आणि ऐन चढावर नळी बंद. नळी एकाच बाजूची बंद पडली तर आणखी वाईट : एका रुळावर पकड, दुसऱ्यावर नाही, आणि जोडदांड्यांवर पीळ येतो.

टँक इंजिनाची एक खोडही लक्षात ठेवावी. वाटेत पाणी संपत जातं तसं इंजिन हलकं होतं आणि पकड घटते. त्यामुळे जड चढ पाणी भरल्यावर लगेच यावा असं पाहतात.

प्रश्न : बार्शी लाइट आणि विदर्भातली शकुंतला एकाच कंपनीच्या का? (अमरावती)

नाही. माप एकच, ७६२ मिलिमीटर, एवढंच साम्य. शकुंतला, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. तिचा कारभार किलिक निक्सन पाहायची आणि गाड्या जी.आय.पी. चालवायची. बार्शीची कंपनी आपल्या गाड्या स्वतः चालवायची. नेरळ–माथेरानचं माप आणखी लहान, दोन फूट.

प्रश्न : इतका विचार करून बांधलेली गाडी मग मागे का पडली? (सांगोला)

दुसऱ्या रेल्वेला जिथे मिळायची तिथे माल हातानं बदलावा लागायचा म्हणून. कुर्डुवाडीत ब्रॉडगेज, मिरजेत मीटरगेज. बार्शी लाइटची वाघीण पुढे कुठेच जाऊ शकत नव्हती. पुढे पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर तर मिरजेत काही वर्षं तिन्ही मापं एकत्र नांदली.

कापसाच्या हिशेबानं पाहू. मुंबईच्या बाजारातली दाबलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलो. टनाला पावणेसहा गाठी. शंभर टन माल आला की ५७१ गाठी. फलाटाच्या एका अंगाला नॅरोगेजची वाघीण, दुसऱ्या अंगाला ब्रॉडगेजची. गाठ आकड्यानं, म्हणजे लोखंडी हुकानं, ओढायची, फलाटावरून सरकवायची, पलीकडे थप्पी लावायची. आकडा गाठीवरच्या पोलादी पट्टीत न अडकवता तरटात खुपसला की तरट फाटतं, रुई बाहेर येते आणि पुढे गाठीचा भाव पडतो. गळिताच्या धान्याच्या पोत्यांचं त्याहून नाजूक : आकड्याच्या प्रत्येक भोकातून दाणे सांडतात आणि पोहोचल्यावर वजन कमी भरतं.

मग प्रश्न येतो जबाबदारीचा. तूट पहिल्या रेल्वेत झाली की दुसऱ्या? म्हणून बदलाच्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे कारकून नग मोजून मेळ घालतात. एका बाजूच्या वाघिणी वेळेवर आल्या नाहीत तर माल फलाटावर पडून राहतो. आणि वाघिणी सारख्या वजनाच्या नसल्यानं अर्ध्या-पाऊण वाघिणी उरतात; त्या भरायला आणखी माल येईपर्यंत थांबायचं. पस्तीस किलोमीटरच्या प्रवासाला दीड-दोन तास आणि बदलाला दोन दिवस, असा व्यवहार लॉरीपुढे टिकत नाही. लॉरी जिनिंगच्या दारात भरते आणि पेठेच्या दारात रिकामी होते. पक्के रस्ते होईपर्यंत गाडीला तोड नव्हती. ते झाले आणि पाच टनांच्या शहाणपणानं वाचवलेला पैसा फलाटावर हमालीत जाऊ लागला.

कॅलथ्रॉपला हे दिसत नव्हतं असं नाही. १९०४ साली सुरू झालेल्या इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच मापाच्या मार्गावर त्यानं मोठ्या मापाची आख्खी वाघीण अंगावर घेणाऱ्या सखल गाड्या वापरल्या. बार्शीकडे माल हातानंच बदलला गेला.

प्रश्न : पंढरपूरचा फाटा लातूरच्या आधी कसा झाला? (पंढरपूर)

वारीमुळे. आणि त्यात कंपनीचा एक सोयीचा हिशेब बसतो. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. आषाढी त्यानंतर येते. म्हणजे वाघिणी रिकाम्या असतात तेव्हाच माणसांची गर्दी. अडचण एवढीच की वारीची गर्दी एकदिशी असते : एकादशीआधी गाड्या भरून जातात आणि रिकाम्या परततात, एकादशीनंतर उलट. त्यामुळे नेलेल्या माणसांच्या मानानं इंजिनांना दुप्पट धाव पडते. टपावर बसलेल्या वारकऱ्यांनी भरलेली बार्शी लाइट जुन्या छायाचित्रांत दिसते ती याच दिवसांतली.

प्रश्न : माझे आजोबा बार्शी लाइटमध्ये फिटर होते. त्यांची नोंद कुठे मिळेल? (मुंबई)

पहिल्यांदा ते निवृत्त कधी झाले ते नक्की करा, कारण पुढची वाट त्यावर ठरते. १९५४ च्या आधी नोकरी सुटली असेल तर ते कंपनीचे नोकर. मध्य रेल्वेकडे त्यांचं सेवापुस्तक असण्याची शक्यता फार कमी. १९५४ नंतरही नोकरीत असतील तर नोंद मध्य रेल्वेच्या कार्मिक शाखेकडे मागता येते. इथे बरेच जण पेन्शनची फाइल मागतात आणि ‘नाही’ असं उत्तर आलं की थांबतात. रेल्वेत पेन्शन योजना नोव्हेंबर १९५७ मध्ये आली. त्याआधी निवृत्त झालेल्यांना भविष्यनिर्वाह निधी मिळायचा. म्हणून अर्जात पेन्शनऐवजी ‘सेवापुस्तिका किंवा भविष्यनिर्वाह निधीचं खातं’ असं लिहा.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. अर्जात पूर्ण नाव, हुद्दा, कामाचं ठिकाण (कुर्डुवाडीचा कारखाना, लोको शेड, की मार्गावरची टोळी), अंदाजे वर्षं द्या आणि मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा जोडा; नाहीतर खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

घरात आधी शोधायच्या वस्तू : प्रवासाचा पास, निधीची वार्षिक चिठ्ठी, बिल्ला, निरोपाच्या समारंभाचं छायाचित्र. बिल्ल्यावरचा क्रमांक सोन्याच्या मोलाचा, कारण नावांची स्पेलिंगं दर वहीत बदलतात, क्रमांक बदलत नाही.

कंपनीच्या कारभाराचे कागद हवे असतील तर दोन ठिकाणं : मुंबईचं राज्य अभिलेखागार, तिथे जुन्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे शाखेच्या फाइली पाहाव्या, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतला इंडिया ऑफिसचा संग्रह. शोधताना ‘कुर्डुवाडी’ टाकून थांबू नका. जुन्या कागदांत ते स्टेशन ‘बार्शी रोड’ आहे आणि खुद्द बार्शीचं ‘बार्शी टाउन’. हा एक गोंधळ न सुटल्यानं कित्येकांनी आजोबांची नेमणूक भलत्याच गावी मांडली आहे. ‘रोड’ जोडलेलं स्टेशन त्या गावात नसतं, त्या गावाला जाण्याच्या रस्त्यावर असतं. जत रोड आणि कळंब रोड हीसुद्धा अशीच.

प्रश्न : जुन्या दरपत्रकात ‘मणामागे मैलाला इतक्या पै’ असं आहे. रुपये-टनात कसं आणायचं? (सोलापूर)

रेल्वेचा मण ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा, म्हणजे ३७.३ किलो. टनात २७.२ मण. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणून रुपयाच्या १९२ पै. समजा दर पाव पै आहे आणि अंतर २२ मैल. एका मणाला साडेपाच पै. टनाला साडेपाच गुणिले २७.२ म्हणजे सुमारे १५० पै, म्हणजे साडेबारा आणे. मुंबई आणि गुजरातेतले स्थानिक मण वेगळ्या वजनाचे होते. व्यापाऱ्याच्या वहीतला मण आणि रेल्वेच्या पावतीवरचा मण एक धरला की सगळी बेरीज बिघडते.

प्रश्न : शेताजवळ रुळाचा तुकडा कुंपणाला उभा आहे. तो बार्शी लाइटचा का, कसं ओळखावं? आणि जुना मार्ग शोधता येईल का? (येडशी)

रुळाची उभी, पातळ बाजू तारेच्या ब्रशनं हलकेच घासा. रूळ लाटतानाच तिथे अक्षरं उमटवलेली असतात : कारखान्याचं नाव, वर्ष, वजन, कधी रेल्वेची आद्याक्षरं. ॲसिड लावू नका, अक्षरांच्या कडा जातात. अक्षरं गेली असतील तर मोकळ्या तुकड्याचं वजन करा : किलोत वजन भागिले मीटरमध्ये लांबी. उत्तर पंधराच्या आसपास आलं तर ३० पौंडी. झिजलेला रूळ थोडा कमी भरतो. पुढच्या काळात जड रूळही पडले, त्यामुळे आकडा जास्त आला म्हणून लगेच नाकारू नका. रेल्वेच्या जागेतला तुकडा मात्र उचलू नये. रेल्वेची मालमत्ता बाळगणं १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

छायाचित्रावरून माप ओळखायचं असेल तर रुळांमधलं अंतर आणि स्लीपरची लांबी ताडून पाहा. रुळांचं अंतर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत धरायचं, मध्यापासून नव्हे. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर १५२० मिलिमीटर, म्हणजे अंतराच्या दुप्पट. ब्रॉडगेजचा २७५०, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. मीटरगेजचा १८३०. फोटो तिरका असला तरी हे गुणोत्तर बरंचसं टिकतं.

मार्ग शोधायला तुमची जागा उत्तम आहे. २००७ आणि २००८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं तेव्हा नवा मार्ग धाराशिवकडून नेला, त्यामुळे जुना काही ठिकाणी मोकळाच राहिला. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंच-एक मैलाचे किंवा पन्नास हजारी नकाशे घ्या : कुर्डुवाडी-बार्शीला ४७ एन, लातूरला ५६ बी, पंढरपूर-सांगोल्याला ४७ ओ, मिरजेला ४७ एल. नव्या मालिकेत क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुनेच मागा. नकाशावरची रेघ उपग्रहाच्या चित्रावर ठेवली की बांध दिसायला लागतो : शेतांच्या सरळ बांधांना न जुमानता जाणारी, हळुवार वाकणारी पट्टी. रस्ता असा वाकत नाही, पाटाचं पाणी चढ चढत नाही. जागेवर गेल्यावर आधी ओढे पाहा. माती नांगरली जाते, पण घडीव दगडाची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, सहसा कुणी काढत नाही. दोन मोऱ्या सापडल्या की त्यांच्या मधल्या रेषेत पायाखाली खडी लागते का ते बघत चाला.